बाईची गन

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेवग्याचा पाला निवडणं. दुपारची जेवणं झाली होती. खाली पेपर अंथरला, मधे जुडी, अलीकडे मी, पलीकडे ती. मद्रासेत हा पाला डाळीत घालतात. पान बारीक आणि देठ त्याहून बारीक, निवडता निवडता माणूस कावतो. ती ऐंशीची, तरी एका डोळ्याला भिंग लावून बसली होती, घड्याळ दुरुस्त करणारे लावतात तसलं. माझ्या ढिगातून तिनं एक देठ उचलला, मला दाखवला आणि पेपरच्या कोपऱ्यात ठेवला. मग दुसरा. अकरा झाले तेव्हा म्हणाली, "काचवाले, हें काम तुमचें नव्हे. पाणी आणा." मी म्हणालो, देठ खाऊन आजवर कोणी मेलं नाही. ती म्हणाली, "सेरी." सेरी म्हणजे तमिळमध्ये बरं. पण ती सेरी म्हणाली की समजायचं, पटलेलं नाही. पाणी प्याली, जरा पडते म्हणाली. चार वाजता कॉफी घेऊन गेलो तर उठली नाही.

ती माझी बायको. चाळीसच्या वर वर्षं संसार झाला, पण मी तिला नावानं हाक कधी मारली नाही. लग्नाआधी ती माझी साहेब होती. कामावर मी तिला बाई म्हणायचो, ते पुढे घरातही तसंच राहिलं. तीही मला काचवाले म्हणायची आणि अहोजाहो करायची. शेजारचे तमिळ लोक हसायचे.

मी चौथी शिकलेला माणूस. मला गोड लिहिता येत नाही, आणि बाई किती थोर होती वगैरे सांगायला मी बसलेलो नाही. ती विचित्र होती, हट्टी होती, आणि तिच्या हातचं जेवण मोजून मापून असल्यामुळे बेचव होतं. पण तिनं एक गन बनवली होती. ती गन चांगली होती. कागदावर ती वाईट ठरली आणि तशीच राहिली. ती का वाईट ठरली हे दोघांनाच ठाऊक होतं, तिला आणि मला. आता मी एकटा उरलो.

गन म्हणजे गोळ्या झाडायची नव्हे. साठ सालाच्या पुढची चार-पाच वर्षं मी अड्यारच्या पलीकडे झाडीत एका सरकारी प्रयोगशाळेत काचेच्या कामाला होतो. त्याआधी साताऱ्याकडे काचकारखान्यात फुंकणी धरायला शिकलो, तिथून कोणाच्या तरी चिठ्ठीवर मद्रासेला आलो. प्रयोगशाळेत एक मोठं काम चाललं होतं. काचेचा एक लांब मानेचा फुगा असतो, त्याच्या तोंडावर आतून एक लेप असतो. मानेत बोटाएवढी एक नळकांड्यांची उतरंड बसवतात, तिला गन म्हणतात. तिच्या बुडाशी एक बारीकशी टोपी तापते आणि तिच्यातून इलेक्ट्रॉन निघतात. ते पुढे लेपावर आदळले की हिरवा ठिपका उमटतो. आमच्याकडे टीव्ही आला नव्हता, पण रडारला आणि तपासणीच्या यंत्रांना ह्या ट्यूबा लागायच्या, आणि सगळ्या बाहेरदेशातून यायच्या. आपली गन आपण बनवायची असं ठरलं होतं. ठिपका बारीक पडला आणि टिकला तर गन चांगली. पसरला किंवा विझला तर वाईट. परीक्षा एवढीच.

गन काढण्याचं काम बाईकडे होतं. त्या अख्ख्या इमारतीत कागदावर गन काढणारी ती एकटी बाई.

पहिल्याच दिवशी मला चटका बसला आणि मी बर्नरला मराठीत शिवी घातली. आजूबाजूला सगळे तमिळ, म्हटलं कोणाला कळतंय. मागून आवाज आला, "हा शब्द माझ्या आजोबांनंतर आज ऐकिला." वळून बघतो तर पांढऱ्या कोटातली काळीसावळी उंच बाई, डोळ्याला भिंग. तिचे लोक भोसल्यांच्या बरोबर तंजावरला गेलेले, तिथंच राहिलेले. तिची मराठी जुन्या पोथीतली आणि चाल तमिळची. वाक्य शेवटाला वर जायचं. मला पहिले दोन महिने ती रागावली आहे का विचारते आहे हेच कळायचं नाही.

तिचं एक होतं, माणूस चौथी शिकला का चौदावी हे ती बघायची नाही. मी विचारलं, बाई, ही नळकांडी कशाला? तिनं मला बाकावर बसवलं. म्हणाली, मैलापूरच्या देवळात उत्सवाच्या दिवशी दार उघडलें कीं लोक कसे सुटतात, पाहिलें आहे? मी म्हणालो, पाहिलंय, चेंगरतात. "तसेच हे. एकमेकांस ढकलतात, पांगतात. तर पहिलें एक अरुंद दार ठेवायचें, मग बांबूचे कठडे. कठडे असे लावायचे कीं कोणास हात न लावितां अवघे जण देवासमोर एका फरशीवर येऊन पोंचतील. गन म्हणजे कठडे." एवढं मला पुरलं. पुढे कित्येक शिकलेल्यांना मी हेच सांगितलं.

ते कठडे कुठं लावायचे हे शोधायची तिची रीत मात्र वेड लागल्यासारखी होती. तिच्या भाड्याच्या घरामागं अंगण होतं. तिथं तिनं एका मोडक्या खाटेची चौकट ठेवली आणि तिच्यावर दवाखान्यात गादीवर घालतात ते तांबडं रबर ताणून खिळवलं. खालून लाकडी ठोकळे लावून रबराला कुठं चढ, कुठं उतार करायची. मग वरच्या टोकाकडून सायकलचे छर्रे सोडायचे. छर्रे घरंगळत जातात त्या वाटेनं इलेक्ट्रॉन जातील, असं तिचं गणित. सगळे छर्रे खालच्या टोकाला एका ठिकाणी आले पाहिजेत. रविवारी ती मला बोलवायची, कारण छर्रा सोडताना हात हलता कामा नये आणि माझा हात काचेच्या कामानं बसलेला. ती खालच्या टोकाला गुडघ्यांवर बसायची, वहीत रेघ ओढायची आणि म्हणायची, "सोडा." मी सोडायचो. ठोकळा केसभर वर. "सोडा." सकाळपासून जेवणापर्यंत हेच. शेजारच्या मामी कुंपणावरून बघायच्या. त्यांनी गल्लीत सांगून ठेवलं होतं की ह्या पोरीचं लग्न न झाल्यामुळं डोक्यावर परिणाम झाला आहे आणि ती एका गड्याबरोबर गोट्या खेळते.

एकदा छर्रा दर वेळी एकाच बाजूला पळायला लागला. तिनं तीन रविवार काढले. शेवटी कळलं की खाटेचा एक पाय मुंगळ्यांनी पोखरलेल्या मातीत खचत होता. ते तिनं वहीत लिहिलं, मुंगळ्यांसकट. कारण तिच्या हाताखाली कोणत्याही कागदावर 'कारण अज्ञात' असं लिहायची बंदी होती. मोजमापाला कन्नन म्हणून माझ्याच वयाचा एक जण होता, शिकलेला, सरळ. त्यानं एकदा तसं लिहिलं तर कागद परत आला, वर तिच्या अक्षरात शेरा. कन्नननं मला वाचून दाखवला: अज्ञात काही नसतं, आळस असतो.

तशीच ती सगळीकडे. टी. नगरला साडी घ्यायला गेली की भिंग काढून पदराचे धागे मोजायची. दुकानदार आधी हसायचा, मग घाबरायचा, मग आतून चांगला माल आणायचा. इडली फुगली किती हे ती काडी खुपसून बघायची. पुष्कळ वर्षांनी ते पातळ टीव्ही आले तेव्हा मी तिला दुकानात दाखवायला नेलं. तिनं समोरून चित्र बघितलंच नाही. बाजूनं जाऊन टीव्हीच्या मागं हात घातला आणि विक्रेत्या पोरीला विचारलं, "याची पाठ कोठें?" पोरगी म्हणाली, पाठ नसते आंटी. बाई बाहेर येऊन पायरीवर बसली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काहीं नाहीं. दारच काढून टाकिलें यांनीं. कठडेही."

आता मुख्य सांगतो.

गन जुळवायची खोली वेगळी होती. तिथं चार तमिळ बायका बसून एका पोलादी साच्यात ती चिमुकली नळकांडी एकावर एक बसवायच्या आणि जोडायच्या. त्या खोलीत धूळ चालत नव्हती, तेल चालत नव्हतं, पावडर नाही, गजरा नाही. घामाचं बोट लागलं तरी ती तापणारी टोपी मरते. टोपीवर पांढरा लेप असतो, त्याला परकं काही लागलं की त्यातून इलेक्ट्रॉन निघत नाहीत. त्यामुळं कुंकूही नाही. बाई स्वतः रोज दाराशी ओल्या रुमालानं कपाळ पुसून आत जायची. त्या चौघी लग्न झालेल्या. त्या म्हणाल्या, अम्मा, नोकरी सोडू पण कुंकू पुसणार नाही. दुसरा साहेब असता तर ओरडला असता. बाईनं त्यांच्यासाठी कपाळावरून घट्ट बसणारी पांढरी पट्टी शिवून आणली, चारही मापं वेगळी. कुंकू पट्टीखाली शाबूत. त्या खूश. सगळ्यांनी नियमाच्या कागदावर सह्या केल्या. मीही केली.

दिल्लीची समिती यायची होती. सरहद्दीवर लढाई होऊन गेली होती, ट्यूबा डिफेन्सला हव्या होत्या. डायरेक्टरच्या टेबलावर दोन गोष्टी होत्या: परदेशी कंपनीची आपल्या गनचे नकाशे विकायची तयारी, आणि बाईची गन. समितीसमोर बाईच्या बारा ट्यूबा लावायच्या, त्या टिकल्या तर बाईची गन, नाही तर नकाशे विकत घ्यायचे. खाटेवरच्या रबरापासून तिथपर्यंत यायला तिला चार वर्षं लागली होती.

त्या बारा गना जोडायच्या आदल्या आठवड्यात आयुधपूजा आली. इकडं नवरात्रात नवमीला सगळी हत्यारं, यंत्रं धुऊन पुसून त्यांना गंध-कुंकू लावतात, त्या दिवशी ती चालवत नाहीत. रिक्षापासून छापखान्यापर्यंत सगळं सजतं. आमच्याकडेही काचेची लेथ, पंप, भट्टी, सगळ्यांना गंध लागलं, दारात कोहळा फुटला. बाईनं आपली गणिताची सरकपट्टीही पुढे केली, कन्नननं तिला ठिपका लावला. पण ती म्हणाली, पूजा जोडणीच्या खोलीच्या दाराबाहेर. आत नाही. आत यंत्रांना हात नाही.

संध्याकाळी सगळे सुंडल, म्हणजे प्रसादाची उसळ, खाऊन गेले. आतल्या भाग कोरडे ठेवायच्या कपाटाची शेगडी बंद करायला किल्ली माझ्याकडं होती. हात धुऊन आत गेलो. शेगडी बंद केली. टेबलावर तो साचा होता, एकटा. बाहेर झाडूलासुद्धा गंध लागलेलं, आणि ज्याच्यावर बाईचं सगळं अवलंबून त्याला काहीच नाही. मला ते बरं दिसेना. मी बाहेर जाऊन कुंकवाची वाटी आणली आणि साचा उलटा करून खाली, कडेच्या आत, कोणाला दिसणार नाही असा एक बारीक ठिपका लावला. नमस्कार केला. बाईचं काम होऊ दे म्हटलं. दुसरं काही मागितलं नाही.

बारा गना त्या साच्यात जोडल्या. मी त्या बाराही काचेत बसवल्या, आयुष्यात इतक्या हलक्या हातानं काम केलं नव्हतं. समितीचे तिघं आले. खोलीला काळे पडदे. बारा ठिपके उमटले, हिरवे, टाचणीच्या टोकाएवढे. समितीतला म्हातारा साहेब चष्मा कपाळावर करून जवळ गेला आणि काहीतरी चांगलं बोलला. बाई हात पाठीमागं बांधून उभी होती, मला तिची बोटं दिसत होती, एकमेकांत घट्ट. मग ट्यूबा तशाच चालू ठेवून सगळे जेवायला गेले. परत आले तर आठ मंद झाल्या होत्या. चहापर्यंत बाराही गेल्या. म्हातारा साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं चष्मा नाकावर घेतला. वही मिटली.

दुसऱ्या दिवशी बाईनं मला एक ट्यूब फोडायला सांगितली. मान कापून गन बाहेर काढली. खोलीत आम्ही दोघंच, कन्नन समितीला स्टेशनवर पोचवायला गेला होता. ती सूक्ष्मदर्शकाखाली गन बघत बसली. बराच वेळ. मग उठली, जोडणीच्या खोलीत गेली आणि साचा घेऊन आली. खिडकीशी उभी राहून हातात फिरवला. उलटा केला. कडेच्या आत बघितलं. त्या बायकांची बोटं साच्याच्या बुडाला लागत होती, तिथून कुंकू आत टोपीला.

तिनं मला काही विचारलं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. पण मला गप्प राहवेना.

"मी लावलं," मी म्हणालो. "पूजेच्या दिवशी."

"कोणत्या बोटानें?"

मला वाटलं ती आता मला मारणार आहे. "करंगळीशेजारच्या."

"कां?"

"तुमची गन टिकावी म्हणून."

तिनं भिंग डोळ्यावरून काढलं. तिचा तो डोळा लाल झाला होता, भिंगानं होतो तसा, दुसरा नव्हता. साचा माझ्या हातात दिला. म्हणाली, "अवघें पुसून काढा. स्पिरिटनें. दोनदां."

मी पुसत होतो तेव्हा डायरेक्टर आला. त्याला दिल्लीला कळवायचं होतं. त्यानं विचारलं, कारण सापडलं का? मला इंग्रजी येत नाही, पण एवढं कळलं. बाई म्हणाली, नाही. टोपी मेली, का ते समजलं नाही. आणि त्याच्या कागदावर तिनं तसं लिहून सही केली. कन्नन परत आला होता, तो दारात उभा होता. त्यानं ते वाचलं आणि तिच्या तोंडाकडं बघतच राहिला.

मी सरळ माणूस आहे. बाहेर चिंचेखाली तिला गाठलं आणि म्हणालो, बाई, खोटं का लिहिलंत? गन चांगली आहे. माझं नाव लिहा, जाईन मी गावाला. ती म्हणाली, "कुंकू म्हटलें तर ते पहिलें हसतील. हसणें जाहलें कीं पोलीस बोलावतील. डिफेन्सचें काम आहे, मुद्दाम केलें म्हणतील. तुम्ही चौथी शिकलेले, इंग्रजी येत नाहीं, कोर्टांत काय सांगाल?" मी म्हणालो, आणि तुमची गन? म्हणाली, "गन मज पुन्हां करितां येईल."

ती तिला पुन्हा करता आली नाही. म्हणजे केली, पण उपयोग झाला नाही. आम्ही दोघांनी उरल्यासुरल्या भागांतून एक ट्यूब केली. बायकांना न सांगता तिनं स्वतः जोडली, मी काचेत बसवली, रविवारी सकाळी पडदे लावून चालू केली. ठिपका उमटला. जेवणं झाली, चहा झाला, ठिपका तसाच. दुसऱ्या रविवारी तसाच. आम्ही काळोखात दोन स्टुलांवर बसून तो ठिपका बघत होतो. ती पांढरा कागद पुढे धरून ठिपक्याची जाडी मोजत होती, आणि एकदा म्हणाली, "देवासमोर पोंचले." इतकंच. तोपर्यंत डायरेक्टरनं परदेशी कंपनीबरोबर करार केला होता. ही ट्यूब दाखवायची तर आधीच्या बारा का मेल्या ते सांगावं लागलं असतं. फुगा स्टोअरचा होता, तिच्या सहीनं आलेला. तो परत द्यायचा म्हणून तिनं मला मान कापायला सांगितली. मी म्हणालो, बाई, ही राहू द्या. ती म्हणाली, सही केली आहे. मी कापली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम ते, आणि काप मात्र अगदी सरळ आला.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी बस-स्टॉपवर उभे होतो. ती म्हणाली, "काचवाले, तुमचें लग्न जाहलें आहे कां?" मी म्हणालो, नाही. "मजशीं करा. विचारिल्यावांचून खरें सांगणारा मनुष्य मला दुसरा दिसला नाहीं." मी म्हणालो, बाई, मी चौथी शिकलोय. ती म्हणाली, "ठाऊक आहे. तुमचा फॉर्म मींच भरला होता."

तिच्यापेक्षा मी पाच वर्षांनी लहान, जात वेगळी, पगार निम्मा. तिचा भाऊ तंजावरहून आला, खुर्चीच्या कडेवर तासभर बसला, पाणीही न पिता गेला. माझ्या आईनं पत्र पाठवलं, स्वयंपाक येतो का. मी कळवलं, मोजून येतो. लग्नानंतरही ती रोज कामावर कपाळ पुसून जायची आणि घरी येऊन लावायची विसरायची. कुंपणावरच्या मामी म्हणाल्या, नवरा जिवंत असताना असं मोकळं कपाळ. बाईनं माझ्याकडं बोट दाखवलं, म्हणाली, त्यांसच विचारा, आहेत कां जिवंत. मी म्हणालो, आहे.

परदेशी नकाशांवर काही वर्षं ट्यूबा झाल्या, मग ते कामच बंद पडलं. मूलबाळ आम्हाला झालं नाही. पुढच्या सगळ्या वर्षांत मी तिला चार-पाच वेळा म्हणालो, आता सांगू या, आता कोण मला पकडणार आहे. ती दर वेळी म्हणायची, खाली सही माझी आहे. ती असेपर्यंत मी मान दिला.

ती गेली त्या संध्याकाळीच नेलं. शेजारच्या बायका आल्या, सवाष्ण गेली म्हणून त्यांनी तिच्या कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावलं. मी बाजूला उभा होतो. अडवलं नाही.

स्मशानात कन्नन आला होता. तोही म्हातारा झालेला, काठी घेऊन. त्यानं माझा हात धरला आणि सांगितलं की प्रयोगशाळा एक पुस्तक काढते आहे, जुन्या लोकांवर, त्यात अम्मांचं एक पान तो लिहिणार आहे, कागद परवा छापायला जायचे आहेत. म्हणाला, काळजी करू नका, त्या गनचं मी काही घालत नाही. फेल गेली ते आता कशाला. त्याच्या मनात चांगलंच होतं. ब्राह्मण हाक मारत होता, मी तिकडं गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी गोळा केल्या, समुद्रावर नेल्या. ते झाल्यावर सगळे घरी निघाले, मी निघालो नाही. ओल्या वेष्टीनं, म्हणजे धोतरानं, तसाच चालत अड्यारला कन्ननच्या घरी गेलो. सुतक होतं म्हणून फाटकाच्या आत गेलो नाही, बाहेरूनच हाक मारली. तो घाबरत आला. मी म्हणालो, कागद आण आणि लिही. त्याची सून खुर्ची घेऊन आली, मी बसलो नाही.

मी तमिळमध्ये सगळं सांगितलं. साचा, कुंकू, कोणत्या बोटानं, कुठं. रविवारची ट्यूब, ती किती टिकली. तो लिहायचा थांबला होता. फाटकाच्या गजाला धरून उभा होता.

"बाराही?" त्यानं विचारलं.

"बाराही."

त्यानं हातातल्या कागदाकडं बघितलं. मग म्हणाला, "पण रिपोर्टवर अम्मांची सही आहे. हे छापलं तर दिसेल की त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी लपवलं."

हे मी वाटेत चालताना घोळवून आलो होतो. तिला आवडलं नसतं. ती सेरी म्हणाली असती.

"लपवलं हेही लिही," मी म्हणालो. "कुणासाठी लपवलं तेही लिही."

त्यानं माझं पूर्ण नाव विचारलं. इतकी वर्षं ओळख, पण तो मला कण्णाडिकारर् म्हणजे काचवाला एवढंच म्हणत आला होता. मी नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं, गावही घाल म्हणालो. त्यानं सगळं लिहून काढलं. मग म्हटलं, आता वाच.

त्यानं इंग्रजीत लिहिलेलं एकेक वाक्य तमिळ करून वाचलं. पहिलंच वाक्य होतं, अम्मांची गन अयशस्वी ठरली, त्याचं कारण असं. मी त्याला थांबवलं. ते खोड म्हणालो. गन ठरली नाही, मी ठरलो, तसं लिही. त्यानं पेन काढलं आणि ते वाक्य खोडलं. मी फाटकावरून वाकून बघितलं, नीट खोडलंय का.